मोहल्ला समिती : बाहेरच्यांनी शांततेला हातभार कसा लावावा?

छत्रपती संभाजीनगरात मे २०१८ मध्ये शहागंज, राजाबाजार भागात दंगल झाली. दोघांचा जीव गेला. अनधिकृत नळजोडण्या तोडण्यावरून वाद सुरू झाल्याचे तेव्हा सांगितले गेले. मार्च २०२३ मध्ये रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यात हिंसाचार झाला. अशा ठिकाणी बाहेरून मदत करू इच्छिणाऱ्यांनी काय करावे?

भिवंडीचा अनुभव

भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. नेहमीच्या शांतता समितीत पुढारी असतात आणि तिची आठवण सणासुदीला होते. मोहल्ला समितीत त्याच वस्तीतले सामान्य हिंदू-मुस्लीम रहिवासी होते आणि बैठका नियमित होत. डिसेंबर १९९२ नंतर मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आदींनी अशा समित्यांचे काम उभे केले.

यातून काय घ्यावे?

- दंगलीची वाट न पाहता शांत काळात काम सुरू करा.
- नळ, कचरा, पार्किंग अशा रोजच्या तंट्यांकडे लक्ष द्या.
- अफवेची खातरजमा वस्तीतल्या लोकांकडून करा. व्हिडिओ पुढे पाठवू नका.
- बैठक बोलवा, पण निर्णय रहिवाशांवर सोडा.

अधिकाऱ्याची बदली होते, संस्थेचा प्रकल्प संपतो. शेजारी मात्र तिथेच राहतात. म्हणून समिती त्यांचीच हवी.