शिष्यवृत्ती, आखाडा आणि खोली

परगावी शिकायला निघालेल्या मुलाला पैसा लागतो, संगत लागते आणि रात्री पाठ टेकायला जागा लागते. यांतल्या पहिल्या गोष्टीचा इतिहास बऱ्यापैकी लिहिला गेला आहे, कारण दात्यांची नावे दगडात कोरलेली असतात. दुसरीचा थोडा लिहिला गेला. तिसरीविषयी मात्र आम्ही मराठी माणसे सहसा बोलत नाही. बडोद्याच्या इतिहासात या तिन्ही गोष्टी एकत्र सापडतात, म्हणून त्यांचा एकत्र विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

तिसरे सयाजीराव गायकवाड यांना १८८१ साली राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. बडोदा कॉलेजची सुरुवातही त्याच वर्षाची. कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते, त्यामुळे परीक्षेसाठी मुंबईची वाट धरावी लागे. पण शिक्षण घरच्या गावी होऊ लागले. १८९० साली कलाभवन निघाले आणि हातांना काम शिकवणारे शिक्षणही बडोद्यात मिळू लागले. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. हा सारा पाया घातल्यावर महाराजांचा हात राज्याच्या सीमेबाहेरील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावा, हे ओघानेच आले.

ही मदत बहुधा कराराने बांधलेली असे: दरबार पैसा देणार आणि विद्यार्थी शिकून आल्यावर ठरावीक वर्षे राज्याची नोकरी करणार. त्यात आम्हाला गैर काही दिसत नाही. प्रजेच्या करातून आलेला पैसा प्रजेच्या कामी परत यावा, हा हिशेब सरळ आहे. परंतु महाराजांनी तो हिशेब प्रत्येक वेळी आण्यापैचा धरला नाही. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना त्यांना बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, तीही नोकरीच्या अटीवर. पुढे शिंद्यांचे मन धर्मकार्याकडे वळले आणि १९०१ साली ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. महाराजांनी त्यांना करारातून मोकळे केले. १९०६ साली ज्या शिंद्यांनी मुंबईत अस्पृश्यवर्गासाठी मिशन काढले, ते दरबाराच्या कचेरीत अडकून पडले असते तर मराठी समाजाचे किती नुकसान झाले असते, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता संगतीकडे वळू. कॉलेजच्या चार भिंतींत जी मिळत नाही ती संगत बडोद्यात आखाड्याने दिली. जुम्मादादा हे येथील नामांकित उस्ताद. त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी गुरूच्या नावाने व्यायाममंदिर चालविले. मुसलमान गुरूचे नाव मराठी शिष्याने आपल्या संस्थेला आदराने द्यावे, यात त्या काळी कोणाला नवल वाटले नसावे. आज ते मुद्दाम सांगावेसे वाटते. कुस्ती, मल्लखांब, लेझीम, लाठी यांबरोबर माणिकरावांनी संघव्यायामाला शिस्त दिली आणि कवायतीच्या आज्ञा इंग्रजीऐवजी देशी भाषेत रुळविल्या. तरुणांचा मोठा समूह एका आज्ञेवर हलतो तेव्हा ती आज्ञा कोणत्या भाषेत आहे, या गोष्टीला अर्थ असतो.

या आखाड्यात तयार झालेला एक विद्यार्थी म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. १८८३ साली डभोईला जन्मलेल्या या मुलाने १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली आणि तो बडोदा कॉलेजात आला. १९०७ ते १९१० या काळात दिवसा कॉलेज आणि माणिकरावांपाशी व्यायाम, असा त्याचा क्रम होता. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनी योगाला प्रयोगशाळेत नेले. शिष्यवृत्तीने त्यांना ग्रंथ दिले आणि आखाड्याने शरीराकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. यांतले एक वजा केले तर कैवल्यधामाची कल्पना सुचली असती असे आम्हाला वाटत नाही.

विद्यार्थ्यांनी स्वतः उभारलेली संगतही होती. १९१४ च्या सुमारास विनायक नरहर भावे या तरुणाने मित्रांसह येथे विद्यार्थी मंडळ काढले. व्याख्याने, चर्चा, पुण्यतिथ्या आणि वर्गणीतून जमविलेली पुस्तके, असा त्याचा संसार होता. शिवजयंती छपराखाली साजरी करायची नाही, रानात करायची, असे एकदा ठरले. त्यासाठी तास बुडवावा लागणार होता आणि मास्तर दंड करणार हेही ठाऊक होते. तेव्हा दंडाचे पैसे आधीच खिशात घालून मंडळी रानात गेली आणि दुसऱ्या दिवशी दंड सुनावताच ते पैसे पुढे ठेवले, अशी आठवण विनोबांनी पुढे सांगितली आहे. नियम मोडायचा तर त्याची किंमत रोख मोजून मोडायचा, हे सत्याग्रहाचे पहिले पाठ बडोद्याच्या विद्यार्थिदशेतच गिरवले गेले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

मैदानी खेळांनाही याच काळात संघटित रूप आले. हुतुतू गावोगावी खेळला जाई, पण प्रत्येक गावाची रीत निराळी. कोठे बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा जिवंत होई, ती संजीवनी. कोठे एकदा बाद तो बादच, ती गनिमी. आणि कोठे बाद झालेला गडी मैदानातच राही, फक्त गुण मोजला जाई, तो अमर हुतुतू. दोन गावांचे संघ समोरासमोर आले की खेळापेक्षा वादच अधिक रंगे. पुण्यात डेक्कन जिमखान्याने नियम बांधण्याचा प्रयत्न आधी केला होता. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली नियम छापून काढले आणि त्याच वर्षी त्या नियमांनी स्पर्धा भरविली. छापील नियम, आखलेले मैदान, नेमलेला पंच आणि लिहिलेला जमाखर्च या चार गोष्टींनी खेळाची संस्था बनते. आपला गडी बाद झाला असे पंचाने सांगितल्यावर हरकत न घेता बाहेर जायचे, ही नागरिकत्वाची तालीम विद्यार्थ्यांना वर्गापेक्षा मैदानावर अधिक मिळाली. पुढे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्यातूनच व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले.

येथवरचा इतिहास सांगताना आम्हा बडोदेकरांची छाती भरून येते. पुढचा भाग तितक्याच स्वच्छपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या शिफारशीने भीमराव आंबेडकरांना कॉलेजच्या शिक्षणासाठी महाराजांनी दरमहा २५ रुपये दिले. बी.ए. होऊन १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीवर आले, तेव्हा राहायला आर्य समाजाची जागा मिळाली. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारामुळे त्यांना परतावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये करार झाला: तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोद्याची चाकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठ झाले, पुढे लंडन झाले, शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि करार पाळण्यासाठी १९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्यात उतरले.

शहरात त्यांना खोली मिळाली नाही. हिंदूंच्या खाणावळी बंद होत्या. शेवटी एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि तेथूनही बाहेर पडावे लागले. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारणा केली. दोघांनी अडचणी सांगितल्या. कामाठीबागेत संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

या घटनेचा दोष केवळ दरबारावर टाकून आम्हाला मोकळे होता येणार नाही. दरबाराने पैसा दिला होता, नोकरीही दिली होती. द्यायची राहिली ती खोली, आणि ती दरबारच्या खजिन्यात नव्हती. आमच्या वाड्यांत होती. वाड्यांची ती दारे आमच्या आजोबा-पणजोबांच्या हातची होती. आखाड्यात उस्तादाची जात न विचारणारे हे शहर भाडेकरूची जात विचारत होते.

लंडनचे राहिलेले शिक्षण आंबेडकरांनी १९२० नंतर पुरे केले, ते सिडनहॅम कॉलेजातील पगाराची शिल्लक, शाहू छत्रपतींचे साह्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांवर. १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला आणि शिक्षणातील साह्याबद्दल कृतज्ञता नोंदविली. शहराने जे केले त्याचा राग त्यांनी दात्यावर काढला नाही. आणि १९५० साली तेव्हाच्या हैदराबाद राज्यातील औरंगाबादेस त्यांनी कॉलेज काढले, तेव्हा त्याच्या परिसरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहेही उभी राहिली.

बडोद्यातही १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या आणि वसतिगृहांची सोय विद्यापीठाचे अंग बनली. तरीही वसतिगृहात जागा न मिळालेला विद्यार्थी आजही आमच्याच गल्लीत खोली शोधत फिरतो. आडनाव ऐकून घरमालक क्षणभर थांबतो, हे आम्ही पाहिले आहे.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथील आमच्यासारख्या जुन्या मंडळांजवळ आज वास्तू आहेत, ठेवी आहेत, गुणवंतांचे सत्कारही दरसाल होतात. शाल आणि नारळ देण्यास आमची हरकत नाही. पण सत्कारानंतर त्या मुलाला एवढे अवश्य विचारावे: राहतोस कोठे? आणि उत्तर समाधानकारक नसेल तर मंडळाच्या वास्तूतील एखादी खोली त्याच्यासाठी उघडावी. बडोद्यावरचे १९१७ सालचे देणे फिटण्यास त्याहून सोपा मार्ग आम्हाला दिसत नाही.