पाद्रीबाबांच्या शाळेचं आवार

मैत्रिणींनो, आज पश्चिम आफ्रिकेत जाऊ. नायजेरियात अबेओकुटा नावाचं शहर आहे. नावाचा अर्थ 'खडकाखाली'. देशावर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. इथल्या शाळेचे मुख्याध्यापक होते रेव्हरंड इझ्राएल रॅन्सम-कुटी. जन्म 1891चा, वडीलही पाद्रीच. शिस्तीला फार कडक, मुलं चळाचळा कापायची.

विखुरलेले शिक्षक एकत्र आले तर सरकारला ऐकावं लागेल, हे त्यांनी ओळखलं होतं. 1931 साली नायजेरियाची शिक्षक संघटना उभी राहिली, तिचे ते पहिले अध्यक्ष. पश्चिम आफ्रिकेत विद्यापीठं कशी काढावीत हे ठरवायला 1943 मध्ये इंग्रजांनी आयोग नेमला, त्यातही ते होते.

त्यांची बायको फुनमिलायो. याच शाळेत शिकलेल्या पहिल्या मुलींपैकी एक. तिने शिकलेल्या बायकांचं एक मंडळ चालवलं होतं. शिवणकाम, खाण्याचे पदार्थ, असं सगळं. 1944 मध्ये बाजारात धंदा करणारी ओळखीची एक बाई म्हणाली, मला वाचायला शिकवा. मग अशा बायकांसाठी वर्ग सुरू झाले आणि त्यांची गाऱ्हाणी कानावर आली. विकायला आणलेला तांदूळ अधिकारी हिसकावून नेत. करही वेगळा. मुलाला सोळाव्या वर्षी कर, मुलीला मात्र पंधराव्या! बायकोने नवऱ्यापासून वेगळा भरायचा. आणि कारभारात बाई एकही नाही.

1946 मध्ये मंडळाचा महिला संघ झाला. आता सभेत इंग्रजी नाही, योरुबा बोलायची. पाद्रीबाबांनी शाळेचं आवार बायकांना मोकळं केलं. विचार करा, पगारी मुख्याध्यापक आणि वर पाद्री, सरकारची नाराजी ओढवून घेणं सोपं नव्हतं. पण पुढारपण त्यांनी बायकोकडेच राहू दिलं. मला त्यांची ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. मदतीला येऊन खुर्चीवर बसणारे पुरुष आपण थोडे का पाहिलेत?

हजारो बायका राजवाड्यासमोर ठाण मांडून बसल्या. कर वसूल करणारा राजा, तिथे त्याला आलाके म्हणतात, तो इंग्रजांच्या पाठबळावर उभा होता. 1948 मध्ये बायकांवरचा कर थांबला. 1949च्या जानेवारीत आलाके गादी सोडून शहराबाहेर गेला.

पाद्रीबाबा 1955 मध्ये वारले. फुनमिलायोबाई पुढे बरीच वर्षं लढत राहिल्या. त्यांचा मुलगा फेला मोठा गायक झाला, लष्करी राजवटीवर गाणी करून त्याने तुरुंगही भोगला. पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.