किल्ली कोणाच्या भरवशावर? कच्च्या वॉलेटचा इतिहास आणि विश्वासाचा प्रश्न

मागच्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. आता पन्नाशीला आलाय. फोन पुढे करून म्हणाला, "सर, हे नवीन क्रिप्टो वॉलेट आहे. अजून बीटा आहे, पण बनवणारी मुलं हुशार वाटतात. निवृत्तीसाठी ठेवलेल्यातला निम्मा भाग यात हलवू का?" मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला यातलं काय कळणार, असं म्हणून सुटता आलं असतं. पण प्रश्न विश्वासाचा होता, आणि तो आमच्याच विषयातला. मी त्याला थोडा इतिहास सांगितला. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. वॉलेटमध्ये पैसे नसतात. नाण्यांची नोंद जाळ्यावरच्या हजारो संगणकांवर असते. वॉलेटमध्ये असते ती किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठा गुप्त आकडा. बँकेचं पासबुक हरवलं तर दुसरं मिळतं. इथे किल्ली हरवली की दाद मागायला खिडकीच नाही.

बिटकॉइनचं सॉफ्टवेअर जानेवारी २००९ मध्ये आलं, आवृत्ती ०.१. शून्यानं सुरू होणारा क्रमांक ही करणाऱ्याची कबुलीच असते, की काम अजून चालू आहे. आणि ते चालूच होतं! १५ ऑगस्ट २०१० रोजी बेरजेच्या तपासणीतल्या एका चुकीमुळे एका व्यवहारातून १८४ अब्जांहून जास्त बिटकॉइन निर्माण झाले. एकूण मर्यादा किती? २ कोटी १० लाख. व्यवहारांची नोंद सर्वांसमोर खुली होती, म्हणून चूक लगेच दिसली आणि काही तासांत दुरुस्त आवृत्ती आली.

त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. एका माणसानं सुमारे ९,००० नाणी आपल्या वॉलेटमध्ये घेतली, वॉलेटची प्रत काढून ठेवली आणि मग एक नाणं स्वतःलाच पाठवून पाहिलं. उरलेली नाणी, आपण ज्याला सुट्टे म्हणतो ती, सॉफ्टवेअरनं एका नव्या किल्लीवर परत केली. ती किल्ली जुन्या प्रतीत नव्हती. नाणी गेली. बघा, इथे कोणी चोर नव्हता आणि प्रोग्रॅम बिघडलाही नव्हता. वापरणारा एक समजत होता आणि यंत्र दुसरं करत होतं. पुढे शंभर किल्ल्या आधीच करून ठेवायची सोय आली, ती अशा अनुभवातून.

२०११ मध्ये सप्टेंबरपर्यंत वॉलेटची फाइल पासवर्डनं बंद करण्याची सोयच मूळ सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. २०१३ च्या ऑगस्टमध्ये कळलं, की अँड्रॉइड प्रणालीतच यादृच्छिक आकडे काढण्यात दोष आहे. वॉलेट लिहिणाऱ्यांची चूक नसतानाही किल्ल्या कच्च्या निघाल्या. २०१७ च्या जुलैमध्ये पॅरिटी वॉलेटमधून चोरी झाली, घाईनं दुरुस्ती झाली, आणि नोव्हेंबरमध्ये त्या नव्या कोडमधल्याच चुकीमुळे पाच लाखांहून अधिक ईथर कायमचे अडकले. म्हणजे दुरुस्ती हीसुद्धा पुन्हा एक नवी, कच्ची गोष्टच असते.

आता विचार करू. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे ज्याला ती वस्तू प्रत्यक्ष माहीत आहे आणि जी जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. ज्ञान आणि प्रामाणिकपणा, दोन्ही हवेत. "मुलं हुशार वाटतात" यात फार तर पहिल्याचा अंदाज आला, दुसऱ्याचं काय?

कोणी म्हणेल, कोड खुला आहे, वाचून घ्या. केन थॉम्प्सन या संगणकशास्त्रज्ञाचं ट्युरिंग पुरस्काराचं व्याख्यान १९८४ मध्ये छापून आलं. त्यात त्यांनी दाखवलं, की कोड निर्मळ असला तरी तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर लबाडी करू शकतो. म्हणजे नुसतं वाचून भागत नाही. म्हणूनच बिटकॉइनच्या विकसकांनी एक पद्धत धरली. अनेकांनी आपापल्या संगणकावर तोच कोड बांधायचा आणि निघालेलं फळ अक्षरशः एक आहे का, हे ताडून पाहायचं. एका आप्तावर न विसंबता अनेक साक्षी जुळवायच्या, असं हे आहे.

मग मी विद्यार्थ्याला काय सांगितलं? विश्वास हो किंवा नाही असा नसतो, तो किती हा प्रश्न असतो. कोड खुला आहे का? बाहेरच्या जाणत्यांनी तपासलाय का? झालेल्या चुका ते उघड सांगतात का? हे वॉलेट उद्या बंद पडलं तर त्याच किल्लीनं दुसऱ्या वॉलेटमधून नाणी काढता येतील का? हे स्वतः करून पाहा, गेली तरी झोप उडणार नाही एवढ्याच रकमेवर. कच्च्या सॉफ्टवेअरला तपासणारे लोक हवेतच, त्याशिवाय ते पिकणार नाही. पण तपासायला म्हातारपणाची पुंजी लावायची नसते.

शेवटी विचारलं, "उद्या तुला काही झालं, तर किल्ली कुठे आहे हे वहिनींना माहीत आहे?" तो गप्प बसला. बराच वेळानं म्हणाला, "सर, आधी घरी बोलतो." मला वाटतं, सुरुवात तिथूनच व्हायला हवी.