घाणेरीची दोनशे वर्षे

गणेशपुरीहून तानसा नदीच्या अंगाने धरणाकडे जाऊ लागले, की सागाच्या रानाकडेला एक काटेरी जाळी सोबतीला येते. लाल-पिवळ्या फुलांच्या त्या झुडपाला कोणी घाणेरी म्हणते, कोणी टणटणी. पाने चुरगळली की हे नाव कसे पडले ते कळते. ती इतकी अंगवळणी पडली आहे, की परकी वाटतच नाही.

तिचे मूळ घर अमेरिकेतला उष्ण प्रदेश. सतराव्या शतकात डचांनी ती युरोपात नेली. तिथल्या माळ्यांनी संकर करून तिचे नाना रंग काढले आणि १८०९च्या सुमारास ती शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. म्हणजे आपल्या रानात माजलेली घाणेरी मुळात रानातली नव्हेच. ती बागेतून सुटलेली आहे. पाने विषारी, म्हणून गुरे तोंड लावत नाहीत. फळे गोड, म्हणून बुलबुल तिचे बी गावोगाव पेरतात. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार देशातल्या वाघांच्या प्रदेशात तिने सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर जंगल व्यापले आहे.

तिला आवरायचे प्रयत्नही शंभर वर्षांचे आहेत. १९२१ मध्ये हवाईहून तिचे फळ पोखरणारी माशी आणली गेली. १९४१ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने ऑस्ट्रेलियातून पानांचा रस शोषणारा ढेकणासारखा कीटक मागवला. चाचणीत तो सागाच्या फुलोऱ्यावरही अंडी घालताना दिसला, तेव्हा सगळी पैदास नष्ट करण्यात आली. तरीही काही कीटक निसटलेच. दहा वर्षांनी ते बाहेर सापडले. साग वाचला, पण घाणेरीही वाचली!

नुसती तोड तर तिच्या पथ्यावरच पडते. बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी यावर साधा उपाय काढला: जमिनीखाली काही सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे. कुदळीचे काम आहे, पण फळ धरण्याआधी व्हायला हवे.

तानसा अभयारण्य १९७०चे. या पट्ट्यातल्या कातकरी, वारली, मल्हार कोळी बायांसाठी मात्र रान म्हणजे मृगाच्या पावसाबरोबर कंदातून वर येणारी शेवळं. काकडाच्या आंबट फळांनी त्यांची खाज मारून केलेली भाजी ठाणे-वसईकरांना ठाऊक आहे. जिथे जाळी दाटते तिथे खालच्या झाडोऱ्याला ऊन मिळत नाही, आणि टोपली घेऊन शिरायला वाटही उरत नाही. जैवविविधतेचा हा तोटा अहवालाआधी बाजारातल्या वाट्यात दिसतो.

शिवाय उपटून मोकळी केलेली जागा तशीच सोडली, तर पहिल्याच पावसात तिथे रानमोडी घुसते, हीसुद्धा अमेरिकेचीच. म्हणून लगेच देशी गवताचे बी टाकावे लागते, आणि पक्षी बसतात त्या झाडांखाली पुढची कित्येक वर्षे रोपे वेचावी लागतात. सरकारी निधी बहुधा एका वर्षाचा असतो. शेवळं काढायला जाणारी बाई त्याच वाटेने दर जूनमध्ये जाते. तिला या राखणीची मजुरी लावून द्यायला काय हरकत आहे?