‘चार वारे’ची मालकीण

साडेचारशेहून जास्त वर्षांपूर्वी आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात फोल्क्सकेन डीरिक्स आणि हिरोनिमस कॉक हे जोडपं चित्रं छापून विकायचं. दुकानाचं नाव ‘चार वारे’. कारागीर तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरत, खाचांत शाई भरत, वरची शाई पुसून ओला कागद दाबत. चित्रावर नाव कॉकचं. तो १५७० मध्ये वारला. पुढची तीस वर्षं, १६०० मध्ये स्वतः जाईपर्यंत, फोल्क्सकेननं दुकान चालवलं.

१६०१ मध्ये तिच्या मालाची यादी झाली. तांब्याचे पत्रे निघाले सोळाशेहून जास्त! पत्रा शाबूत, तर नवी प्रत निघते. तेच तिचं भांडवल. यादी लिहिली गेली, म्हणून तिचा व्यवहार केवढा होता ते आज आम्ही सांगू शकतो. आपणही आपला माल, आपला हिशेब आपल्या नावानं लिहून ठेवू या.