वसईच्या वाडीवरील कॅथलिक कुटुंबाची काटकसर : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील निर्मळ, नंदाखाल, आगाशी, गिरीज, भुईगाव या गावांमधील कॅथलिक शेतकरी समाजाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात ‘साधी राहणी’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. या साधेपणाचे श्रेय सामान्यतः धर्मश्रद्धेला दिले जाते. ते सर्वस्वी चुकीचे आहे असे नाही. तथापि, श्रद्धा समान असलेल्या सर्वच समाजांची राहणी समान नसते, हेही लक्षात घ्यावे लागते. प्रस्तुत निबंधात वसईच्या वाडीवरील कुटुंबाची काटकसर ही पाणी, जमीन आणि घरातील श्रम यांच्या विशिष्ट मांडणीतून उभी राहिलेली व्यवस्था होती, आणि त्या व्यवस्थेचा मोठा भार घरातील स्त्रीने उचलला, अशी मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगिजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. या दोनशे वर्षांत येथील अनेक शेतकरी कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सत्तांतरानंतर पोर्तुगीज गेले, परंतु ही कुटुंबे आपल्या वाड्यांवरच राहिली. ती राहू शकली, कारण त्यांचे जीवन राज्यकर्त्यांवर नव्हे, तर जमिनीवर अवलंबून होते. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजेच कुपारी समाजाने स्वतःची कादोडी बोली, स्त्रियांचे लाल लुगडे आणि पुरुषांची लाल टोपी धर्मांतरानंतरही दीर्घकाळ टिकवली. वेशभूषेच्या अभ्यासकांनी या लाल लुगड्याकडे अस्मितेचे चिन्ह म्हणून पाहिले आहे. ते एक टिकाऊ आणि चिखलापाण्यात वावरण्यास सोयीचे कामाचे वस्त्रही होते, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

१८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वसईच्या बागायतीचे तपशीलवार वर्णन आहे. ऊस, केळी, नागवेलीची पाने, आगाशीची सुकवलेली केळी यांची नोंद त्यात येते. महसूल गोळा करणाऱ्या शासनाला पिकांत रस असणे स्वाभाविक होते. चूल, कोठी आणि परसदार हे सारावसुलीचे विषय नसल्यामुळे त्या नोंदी आपल्याला अन्य मार्गाने शोधाव्या लागतात.

बावखल, रहाट आणि वाडी

वसईच्या किनारपट्टीची जमीन बरीचशी रेताड आहे. पावसाचे पाणी या जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर साचून राहतो. हा थर फार जाड नसतो. त्यामुळे येथे खोल उपसा करण्याऐवजी उथळ विहिरी आणि ‘बावखले’ यांच्या आधारे शेती विकसित झाली. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला खणलेले तळेवजा साठवण. पावसाळ्यात ते भरते, त्यातून पाणी भूगर्भात झिरपते आणि उन्हाळ्यापर्यंत वाडीला ओल पुरवते. बैल वा रेडा जुंपून फिरणारा रहाट हे पाणी पाटात टाकत असे. पाटातून ते एकेका वाफ्यात वळवावे लागे, आणि त्यासाठी घरातील कोणीतरी सतत वाडीत उभे असणे आवश्यक होते.

या पद्धतीचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. रहाट जनावराच्या चालीने फिरतो. त्यामुळे दिवसाला उपसले जाणारे पाणी जनावराच्या दमावर ठरते. जेवढे पाणी तेवढी वाडी, आणि जेवढी वाडी तेवढेच उत्पन्न. काटकसर ही या ठिकाणी उपदेशाने आलेली नसून रहाटाच्या गतीतच ती अंतर्भूत होती, असे म्हणता येईल.

वाडीतील केळीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. घड बाजारात जाई. पान जेवणासाठी व पदार्थ शिजवताना गुंडाळण्यासाठी उपयोगी पडे. केळफुलाची भाजी होई. वाळलेल्या सोपटाचे बंद काढून त्यांनी फुलांच्या व विड्याच्या पानांच्या जुड्या बांधल्या जात. उरलेला बुंधा जनावरांपुढे जाई किंवा आळ्यात कुजून खत होई. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून, काही दिवस उन्हात वाळवून ‘सुकेळी’ केली जात. ती वाळलेल्या पानांतच बांधली जात, म्हणजे वेष्टनासाठीही पैसा खर्च होत नसे. सुकेळीची चव आज कौतुकाचा विषय असली, तरी तिच्यामागील मूळ हिशेब नासाडी टाळण्याचा होता. ताजे केळे चार दिवसांत विकावे लागते, सुकेळी मात्र भावाची वाट पाहू शकते.

घर, उपासना आणि खर्च

पावसाळ्यापूर्वीचे दिवस हा या घरांतील सर्वांत धावपळीचा काळ असे. तांदूळ, सुकी मासळी, कुटलेला मसाला, मीठ आणि सरपण यांची बेगमी चार महिन्यांसाठी करावी लागे. कॅथलिक पंचांगाचा या नियोजनाशी जवळचा संबंध होता. शुक्रवारी आणि उपवासकाळात मांस वर्ज्य असे; मासळी चालत असे. किनाऱ्याजवळच्या शेतकरी घराला हा नियम पाळणे जड नव्हते. धर्माने सांगितलेला संयम आणि कोठीने लादलेला संयम येथे एकमेकांत मिसळून जातात, आणि त्यांना वेगळे काढण्याचा अट्टहास अभ्यासकाने करू नये असे वाटते. सायंकाळी घरातील लहानथोर एकत्र बसून जपमाळेची प्रार्थना करीत. मिस्सा लॅटिनमध्ये होत असल्यामुळे द्वितीय व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) मातृभाषेतील धार्मिक जीवन बव्हंशी घरातच घडत होते, ही बाब धर्मशिक्षणाच्या इतिहासात अधिक ठळकपणे यायला हवी.

मात्र या साधेपणाचे सरसकट चित्र रंगवणे योग्य होणार नाही. रोजच्या जेवणात हात आखडणारे कुटुंब लग्नात आणि सणात सढळ खर्च करीत असे. अशा प्रसंगी झालेले कर्ज फेडण्यासाठी पुन्हा वर्षभर पोटाला चिमटा घ्यावा लागे.

बाजार, आगगाडी आणि नोंदीबाहेरचे श्रम

१८६७ मध्ये विरारपासून मुंबईच्या बॅक बेपर्यंत लोकल गाडी सुरू झाली. वसईची भाजी, फुले व पाने पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात पोहोचू लागली. टोपली डोक्यावर घेऊन विक्रीस जाणाऱ्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. आदल्या संध्याकाळी फुले व भाजी खुडणे, जुड्या बांधणे, पहाटे घर सोडणे आणि परतल्यावर चूल पेटवणे हा तिचा दिनक्रम. बाजारातून आलेल्या पैशाचा पहिला हिशेब तिच्या हातून होत असे.

जनगणनेत या श्रमांचे काय झाले? १९७१ च्या जनगणनेत व्यक्तीचा ‘मुख्य व्यवसाय’ विचारात घेण्यात आला. ज्या स्त्रिया घरकामाबरोबरच शेतात राबत होत्या, त्यांपैकी अनेकींची गणना काम न करणाऱ्यांत झाली. १९६१ मध्ये देशात सुमारे ६ कोटी असलेली स्त्री-कामगारांची संख्या १९७१ मध्ये सुमारे ३ कोटींवर आली, त्यामागे हे व्याख्याबदलाचे कारण प्रामुख्याने होते. वसईच्या वाडीतील स्त्री या आकड्यांच्या बाहेर राहिलेल्यांपैकीच एक होय. गृहिणी हा शब्द तिच्यासाठी अपुरा आहे आणि शेतकरी हा शब्द तिला कोणी लावला नाही.

बचतीचे संस्थात्मक रूप

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात श्रमिकाने काटकसरीतून थोडी बचत करून मालमत्ताधारक व्हावे, असा विचार मांडला होता. भारतात १९०४ व १९१२ च्या कायद्यांनी सहकारी पतसंस्थांना आधार दिला. या दोन प्रवाहांच्या संगमावर, १९१८ मध्ये मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने बसीन कॅथलिक सहकारी संस्थेची स्थापना झाली. पुढे तिचे बँकेत रूपांतर झाले. वाडीतील चिल्लर एकत्र येऊन कर्जरूपाने पुन्हा वाडीत जाऊ लागली, आणि सावकाराखेरीज दुसरे दार शेतकऱ्याला उपलब्ध झाले. बचतीचा दुसरा ओघ शिक्षणाकडे गेला. परिणामी पुढील पिढी शिक्षक, कारकून, परिचारिका होऊन वाडीबाहेर पडली. काटकसरीने वाडी टिकवली आणि त्याच काटकसरीने वाडीतील माणसे बाहेर पाठवली, हा विरोधाभास या समाजाच्या इतिहासात केंद्रस्थानी आहे.

वाडीचे मूल्य आणि वाडीची किंमत

मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांमुळे अनेक कुळे जमिनीची मालक बनली. त्याच सुमारास रहाटाच्या जागी इंजिन व पुढे विजेचे पंप आले. जनावराचा दम ही उपशाची मर्यादा संपली. १९८० च्या दशकात टँकरने होणारी पाण्याची विक्री आणि वाढते बांधकाम यांमुळे गोड्या पाण्याचा थर आक्रसला व काही ठिकाणी विहिरींत खारेपणा आला. दशकाच्या अखेरीस ‘सुवार्ता’ मासिकाचे तत्कालीन संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. आंदोलनाने टँकर आणि जमीनमाफिया यांना आव्हान दिले. तरीही २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात येईपर्यंत वाडीचा हिशेब केळीच्या घडांवरून चौरस फुटांवर आलेला होता.

या बदलाला एक कायदेशीर बाजूही आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसल्यास ख्रिस्ती कुटुंबातील मुलगा व मुलगी यांना समान वाटा मिळतो. वाडी कसली जात असताना हा हक्क बहुधा कागदावरच राहिला. प्रथेचा कल मुलाकडे होता आणि बहिणी हक्क सोडत असत. विक्रीच्या वेळी मात्र खरेदीदाराला सर्व वारसांच्या सह्या हव्या असतात. ज्या स्त्रीने वाफ्यात पाणी वळवले, जुड्या बांधल्या, पहाटेची गाडी धरली, तिच्या लेकीचे नाव वाडीच्या दस्तऐवजात अनेकदा याच टप्प्यावर प्रथम येते. वसईच्या दुय्यम निबंधक कार्यालयातील गेल्या काही दशकांची खरेदीखते व हक्कसोडपत्रे या दृष्टीने अद्याप वाचली जायची आहेत.