मोटारीचे स्नान

म्हैसूरचा दसरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हत्तीवरील सोन्याची अंबारी उभी राहते. तिच्या आदल्या दिवशीचे, म्हणजे महानवमीचे म्हैसूर मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असते. त्या दिवशी तेथे आयुधपूजा असते. राजवाड्यात तलवारींना स्नान घालतात. हत्ती, घोडे आणि मोटारी यांचीही पूजा होते. गावातही तोच सोहळा. घरोघरच्या गाड्या धुऊन पुसून उभ्या असतात, त्यांना झेंडूच्या माळा आणि केळीचे खुंट बांधलेले असतात, चाकापुढे कोहळा फुटतो. आपण खंडेनवमीला जे करतो तेच हे, फक्त थाट अधिक. ज्या गावात १९३५ साली प्राध्यापक गोपालस्वामी यांनी आपल्या घरी लहानसे ध्वनिक्षेपण केंद्र काढले आणि ज्याला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले, ते गाव हेच.

सरकारी कामानिमित्त मी नवरात्रात तेथे होतो. नवमीच्या सकाळी फिरायला निघालो असता एक गोष्ट ध्यानात आली. माहूत हत्तीला धुताना आधी भरपूर पाणी ओततो, अंगावरचा चिखल भिजू देतो आणि मगच घासू लागतो. शेजारच्या गल्लीत मात्र एक गृहस्थ मोटारीवरची तांबडी धूळ कोरड्या फडक्याने खसाखसा पुसत होते. खरे तर हत्तीचे कातडे खरखरीत घासणे सोसणारे, मोटारीचा रंग न सोसणारा. असे असून काळजी मिळत होती ती हत्तीला!

हा रंग नाजूक का, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मोटारीच्या आधी बग्गी होती, आणि मोटारीला पहिला रंग मिळाला तो बग्गीचाच. जवसाचे तेल आणि राळ यांचे रोगण एकावर एक चढवायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, मधूनमधून पाण्याबरोबर घोटून गुळगुळीत करायचा, असे ते काम आठवडेच्या आठवडे चाले. असे रोगण जपणे ही एक विद्याच होती. बग्गीवर चिखल वाळू द्यायचा नाही, धुवायची ती सावलीत, स्पंज सतत पाण्याने भरलेला हवा आणि पाणी टिपायचे ते मऊ कमावलेल्या कातड्याने, हे नियम मोतद्दारांना पाठ असत. तबेल्यातील अमोनियाने रोगण बिघडते म्हणून बग्गीखाना तबेल्यापासून वेगळा ठेवीत.

पुढे मोटारी कारखान्यांतून शेकड्यांनी बाहेर पडू लागल्या, तेव्हा रंग वाळण्याची वाट पाहणे परवडेना. फोर्ड साहेबांची प्रसिद्ध गाडी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळत असे. १९२३–२४ च्या सुमारास अमेरिकेत ‘ड्यूको’ नावाचा फवारण्याजोगा, चटकन वाळणारा रंग आला. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि रस्त्यावर नाना रंगांच्या गाड्या दिसू लागल्या. आजच्या गाड्यांवर रंगावर आणखी एक पारदर्शक थर असतो. चकाकी असते ती त्या थराची, आणि त्याची जाडी माणसाच्या केसाहूनही कमी भरते.

म्हैसूरलाही या इतिहासात जागा आहे. चौथे कृष्णराज वोडेयर यांच्या कारकिर्दीत १९३७ साली तेथे लाख आणि रंग यांचा कारखाना निघाला. जंगलातील लाख ही त्याची मूळ सामग्री. सरकारी लखोट्यांवर मोहोर उमटविणारी लाखेची कांडी आम्हा कारकुनी पेशाच्या माणसांना परिचयाची. तीच लाख मद्यार्कात विरघळविली की रोगण होते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदाराच्या बोटाला लागणारी शाई याच कारखान्यातून येते. बोटावरची खूण पुसली जाऊ नये आणि गाडीवर खूण उमटू नये, या दोन्ही चिंता एकाच गावच्या म्हणावयाच्या!

आता मूळ प्रश्न. ओरखडे पाण्याने पडत नाहीत, पाडतो तो वाळूचा कण. धुळीतील गारेचा कण पोलादालाही चरा पाडतो, तेथे रंगाची काय कथा? फडक्याखाली तो सापडला की आपला हात जिकडे फिरेल तिकडे रेघ उमटते. उन्हात जी वर्तुळाकार जाळी दिसते, तिच्यातील रेघा वस्तुतः वाटेल त्या दिशेच्या असतात. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून ती वर्तुळे भासतात.

उपाय मोतद्दाराचाच. गाडी सावलीत आणि थंड असावी. प्रथम नुसते पाणी टपावरून खाली सोडावे आणि धूळ वाहून जाऊ द्यावी. बादल्या दोन घ्याव्यात, एक साबणाच्या पाण्याची आणि एक स्वच्छ पाण्याची. फडके प्रत्येक वेळी स्वच्छ पाण्यात खळबळून, पिळून मगच साबणात बुडवावे. हात हलका, सरळ रेषेत, वरून खाली चालावा. चाकांचे फडके वेगळे. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा गाडीला लावू नये. कपड्यांचा सोडा वापरू नये. शेवटी मऊ कापडाने पाणी टिपावे, रगडू नये.

हे मी शिकलो ते उशिरा. माझ्या वडिलांची एक जुनी पद्मिनी होती. मी दहा वर्षांचा असताना एका खंडेनवमीला, ते आंघोळीला गेले असता, त्यांना आनंद व्हावा म्हणून मी धोतराच्या कोरड्या फाळक्याने तिचे झाकण पुसून काढले. दुपारी उन्हात ते सारे चरे दिसले. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी झेंडूची माळ थोडी अलीकडे ओढली आणि चरे झाकले. गाडी विकेपर्यंत ते चरे तसेच होते.

आज आपल्या गाड्या बहुधा दुसरेच कोणी धुतात. पहाटे इमारतीच्या आवारात एक माणूस एकाच बादलीत, एकाच फडक्याने वीस गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची वाळू विसाव्या गाडीपर्यंत जाते. मग ओरखडा दिसला की आपण त्याच्यावर डाफरतो, क्वचित त्याचे पैसेही कापतो. परंतु त्याला दुसरी बादली आपण कधी दिली काय? गाडी भिजू देण्याइतका वेळ दिला काय? बग्गीच्या काळी मोतद्दाराला पाणी, सावली आणि सवड मिळे. म्हणून त्याचे काम चोख होई. येत्या खंडेनवमीला गाडीला माळ घालण्यापूर्वी त्या माणसाच्या हाती एक जादा बादली आणि दोन स्वच्छ फडकी द्यावीत, एवढीच माझी विनंती आहे.